आधी त्यांना सांगितलंत का?

१९५६ सालच्या एप्रिल महिन्यातला शेवटचा रविवार, सकाळचे साडेनऊ. भांडुपला आमच्या शाळेच्या कचेरीत संस्थेच्या कार्यकारी मंडळाची सभा होती. हजर सभासद पाच: अध्यक्ष दामूअण्णा, ज्यांची स्टेशनजवळ कोळशाची वखार होती, चिटणीस प्रधान वकील, एक डॉक्टर, एक निवृत्त पोस्टमास्तर, आणि खजिनदार म्हणून मी. मुख्याध्यापिका कामेरकरबाई पदामुळे हजर असत, पण त्यांना मत नव्हते. रक्कम तीनशे त्र्याण्णव रुपये बारा आणे.

ही रक्कम चोरीला गेली नव्हती की कोणाचे देणे नव्हती. सुमन तावडे नावाच्या शिक्षिकेला मे महिन्याच्या सुट्टीआधी काढून टाकले तर संस्थेचे किती पैसे वाचतील, या प्रश्नाचे ते उत्तर होते. दामूअण्णांनी विचारले, "पेठे, किती वाचतील हो?" आणि मी, एका कंपनीच्या हिशेबखात्यात एकोणीस वर्षे काढलेला माणूस, प्रश्न कशासाठी आला आहे याचा विचार न करता खिशातून पेन्सिल काढली. पगार महागाईभत्त्यासह महिना एकशे बारा रुपये आठ आणे. सुट्टीचा दीड महिना, बाळंतपणाच्या रजेचे दोन. एकूण साडेतीन महिने. मी आकडा सांगितला. तो बरोबर होता. मी दोनदा पडताळला होता.

त्या सकाळचा संताप अजून माझ्या मनातून गेलेला नाही, आणि त्यातला बराचसा माझ्या स्वतःवरचा आहे. पण मला लिहायचे आहे ते कामेरकरबाईंविषयी.

बाई ठेंगण्या होत्या. पांढरे पातळ, जाड भिंगांचा चष्मा, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. मुख्याध्यापकांसाठी संस्थेने हातांची खुर्ची करून घेतली होती. बाईंनी ती टेबलाच्या पलीकडे, भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवली आणि स्वतः एका लाकडी स्टुलावर बसू लागल्या. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "हातांच्या खुर्चीत बसलं की माणूस ऐकत नाही, बोलतच राहतो." मी म्हणालो, "मग आम्हाला त्यात का बसवता?" त्या म्हणाल्या, "तुम्ही तसेही बोलणारच आहात."

आमच्या शाळेची इमारत म्हणजे सिमेंटच्या पत्र्यांचे आठ वर्ग आणि एक कचेरी. मुले बहुतेक कारखान्यांतल्या कामगारांची, कोकणातून आलेल्या घरांतली. शिक्षक अकरा. या अकरा माणसांना सांभाळायची बाईंची एक रीत होती आणि ती एका प्रश्नात मावत असे. कोणी कोणाची तक्रार घेऊन आले की त्या विचारत, "आधी त्यांना सांगितलंत का?"

एकदा माझ्यासमोर एक पालक आले. रागाने लाल झाले होते. "तुमचे ते चित्रकलेचे मास्तर मुलाला वर्गाबाहेर उभं करतात."

"आधी त्यांना सांगितलंत का?"

"त्यांना कशाला सांगू? तुम्ही मुख्याध्यापिका. तुम्हाला सांगतो."

"मी मुख्याध्यापिका आहे, टपालपेटी नाही. चला, मी येते तुमच्याबरोबर. तुम्ही बोला, मी ऐकते."

पालक गेले, बोलले, आणि पाच मिनिटांत हसत बाहेर आले. शाळेचा शिपाई शिवराम बाईंच्याच मुलखातला. त्याला शिक्षकांच्या बातम्या कचेरीत आणून पोचवायची हौस होती. त्याच्याशी बाई मालवणीत बोलत. "शिवरामा, त्येंका सांगितलंस?" "नाय, बाई." "मगे माका कित्याक सांगतस?" दोनतीन महिन्यांत त्याने बातम्या आणणे सोडले. आधीच्या मुख्याध्यापकांच्या काळात त्याच बातम्यांवर निम्मी शाळा चालत असे, हे मला माहीत आहे, कारण त्यातल्या काही अण्णांच्या वखारीपर्यंत पोचत आणि तिथून सभेत येत.

बाईंच्या हातात काळ्या पुठ्ठ्याची एक वही असे. प्रत्येक शिक्षकाला एक पान. दरवर्षी एप्रिलमध्ये मुख्याध्यापकाने प्रत्येक शिक्षकाचा गोपनीय अहवाल मंडळाला द्यायचा असतो. बाकीच्या शाळांत तो कुलपात लिहितात आणि कुलपात ठेवतात. शिक्षकाला वर्षभर काहीच कळत नाही, आणि एके दिवशी हातात पत्र पडते की तुमचे काम असमाधानकारक आहे. बाईंच्या वहीत मात्र प्रत्येक शेऱ्यापुढे तारीख असे आणि तारखेपुढे एक शब्द: "सांगितले." जे माणसाला तोंडावर सांगितले नाही ते अहवालात घालायचे नाही, हा नियम. एप्रिलमध्ये त्या एकेका शिक्षकाला समोर बसवून त्याचे पान वाचून दाखवत आणि खाली त्याची सही घेत.

गुरव सरांची गोष्ट सगळ्या शाळेला ठाऊक होती. सर वयाने बाईंपेक्षा मोठे, इतिहास शिकवायचे, आणि जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला वर्गात खुर्चीवर झोपायचे. बाई त्यांच्याकडे गेल्या. "सर, मी तीन वेळा पाहिलं. हे मी लिहिणार आहे. लिहिण्याआधी सांगते."

सर भडकले. "लिहा! तेवीस वर्षं शिकवतोय मी. पण लिहिणार असाल तर हेही लिहा की हा माणूस पहाटे पाचापासून दहापर्यंत चार शिकवण्या करतो, कारण तुमच्या पगारात दोन पोरींची लग्नं होत नाहीत!"

"तेही लिहिते," बाई म्हणाल्या, आणि लिहिले. दुसऱ्या आठवड्यात वेळापत्रक बदलले. दुपारचा तो तास सरांना मोकळा मिळाला आणि शेवटचा तास त्यांच्या गळ्यात पडला. अहवाल मंडळापुढे आला तेव्हा शिकवण्यांची ओळ वाचून अण्णा हसले. मला हसू आले नाही. त्या पगारपत्रकावर दर महिन्याला माझी सही असायची.

मला स्वतःलाही बाईंनी एकदा चांगले ठोकले आहे. खडूंवर फार खर्च होतो अशी मला शंका आली. एका पेटीत एकशे चव्वेचाळीस कांड्या असतात. कोणत्या शिक्षकाने सहा महिन्यांत किती पेट्या नेल्या याचा मी तक्ता केला. सरासरी दोन पेट्या. तावडेबाईंच्या नावावर पाच. मी तक्ता बाईंपुढे ठेवला.

"आधी त्यांना सांगितलंत का?"

"मी खजिनदार आहे. वर्गात जाऊन कसं सांगू?"

"पायांनी," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्यांनी मला सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर नेऊन बसवले. माझी धाकटी मुलगी कुंदा त्याच वर्गात होती. तिने मान वळवून एकदा पाहिले आणि लाजेने परत वळून पाहिले नाही. तावडेबाई अपूर्णांक शिकवत होत्या. सडपातळ, काळ्यासावळ्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी फळ्याचे चार भाग केले होते आणि एका वेळी चार मुले फळ्यापाशी उभी राहून गणित सोडवत होती. एक चुकला की बाकीचे ओरडत, "छेद बघ रे, छेद!" चाळीस मिनिटांत फळा सहा वेळा पुसला गेला. बावन्न मुलांतले प्रत्येक मूल आठवड्यातून दोनदा तरी फळ्यावर जाई. बाकीच्या वर्गांत मास्तर लिहीत आणि मुले वहीत उतरवून घेत.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "तुमचा तक्ता बरोबर आहे, पेठे. त्यातून काढलेला अर्थ चूक आहे." मी तक्ता फाडायला हवा होता. कागद फाडायची मला सवय नाही. मी तो फायलीत लावला, आणि ही माझी घोडचूक ठरली.

अण्णांविषयीही लिहिले पाहिजे. तो माणूस दुष्ट नव्हता. पंधरावीस गरीब मुलांची फी ते दरवर्षी स्वतः भरत आणि नावे सांगत नसत. पण शाळा म्हणजे आपली वखार आणि शिक्षक म्हणजे हमाल, अशी त्यांची समजूत होती. हंगाम संपला की माणूस कमी करायचा, हंगाम आला की दुसरा ठेवायचा. आजूबाजूच्या कित्येक शाळांत हेच चालत असे. एप्रिलमध्ये पत्र, जूनमध्ये पुन्हा नेमणूक. म्हणजे सुट्टीचा पगार वाचतो, आणि दोन वर्षे सलग नोकरी झाली नाही की माणूस कायमही होत नाही. ज्यांनी मुलांना प्रामाणिकपणा शिकवायचा त्यांच्याशी असे वागणाऱ्या संस्था पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे भाषणे करतात. मीही ती ऐकून टाळ्या वाजवल्या आहेत.

बाई आल्यापासून आमच्या शाळेत हे बंद पडले होते. ज्याला काढायचे त्याच्याविरुद्ध अहवाल लागे, आणि अहवालात तारखेशिवाय एक अक्षर नसे. अण्णा एकदा चिडून म्हणाले, "बाई, गोपनीय म्हणजे काय ते तुम्हाला कळतं का?"

"कळतं. गोपनीय म्हणजे तिसऱ्याला सांगायचं नाही. ज्याच्याविषयी लिहिलं तो तिसरा नव्हे."

आता त्या रविवाराकडे येतो. तावडेबाईंची दोन वर्षे जूनमध्ये पूर्ण होत होती. म्हणजे त्या कायम झाल्या असत्या. त्यांना सातवा महिना होता. त्यांचे यजमान साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात होते. तिथे काम असेल त्या आठवड्याला पैसे. घर चालत होते ते तावडेबाईंच्या पगारावर. हे सगळे आम्हा पाचही जणांना माहीत होते. मी आकडा सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "बाई, तावडेबाईंचं पान वाचा."

कामेरकरबाईंनी वाचले. "आठ ऑगस्ट. वर्गात आवाज फार चढतो. सांगितले. तीन सप्टेंबर. सुधारणा. चौदा जानेवारी. वह्या तपासायला आठ दिवस लागले. सांगितले. त्यांचे म्हणणे: दोन तुकड्या, एकशे चार वह्या. म्हणणे योग्य. शेरा: गणित उत्तम शिकवतात. कायम करावे."

"यात काढण्याजोगं काही नाही," प्रधान वकील म्हणाले.

"नाही."

"मग घाला. काम असमाधानकारक, एवढं लिहिलं तरी पुरे."

"तारीख कोणती घालू?"

"आजची घाला की," अण्णा म्हणाले.

"आजची घालायची तर आज त्यांना सांगायला हवं. त्या शाळेतच आहेत, निकालपत्रकं भरताहेत. शिवराम, तावडेबाईंना बोलाव."

"अहो, अहो," असे अण्णा म्हणेपर्यंत शिवराम गेलासुद्धा.

तावडेबाई आल्या. बोटांना शाई, पदर सारखा करत दाराशीच थांबल्या. पाच पुरुष टेबलाभोवती, आणि कोणी उठले नाही. कामेरकरबाईंनी आपले स्टूल पुढे केले. तावडेबाई बसल्या नाहीत.

"काय बाई, प्रकृती बरी ना?" अण्णा.

"बरी आहे."

"नाही, आमचं म्हणणं असं की, या दिवसांत तुम्हाला दगदग..."

"माझ्या दगदगीचं माझ्या सासूबाई बघतात. मला कशाला बोलावलंत?"

कामेरकरबाई म्हणाल्या, "तुमचं काम समाधानकारक नाही, असं मंडळाला लिहून हवं आहे. अध्यक्ष ते तुम्हाला सांगणार आहेत."

अण्णा टेबलावरचा कागददाब उचलून पाहू लागले. मग प्रधान वकिलांनी फाईल उघडली आणि माझा खडूंचा तक्ता बाहेर काढला. "सहा महिन्यांत पाच पेट्या. साहित्याची उधळपट्टी."

"खडू?" तावडेबाईंचा आवाज चढला. "खडूसाठी काढता मला?"

"तक्ता खजिनदारांचा आहे," वकील म्हणाले.

कामेरकरबाई माझ्याकडे वळल्या. "पेठे, तुम्ही त्या वर्गात बसला होतात. सांगा."

मी म्हणालो, "तक्ता बरोबर आहे, पण ते खडू मुलांनी..."

"पेठे, मुद्द्याचं बोला. वेळ नाही," अण्णा म्हणाले.

आणि मी गप्प बसलो. बावन्न मुले आणि सहा वेळा पुसलेला फळा, हे सगळे माझ्या डोक्यात अगदी आकड्यांनिशी होते, आणि मी ते बोललो नाही. कोणाची भीती होती? अण्णांकडे माझे काही अडलेले नव्हते. सभेत अध्यक्षांना तोडून बोलू नये, एवढ्याच सवयीपोटी मी एका बाईची नोकरी जाऊ दिली.

मतदान झाले. अण्णा, वकील आणि पोस्टमास्तर बाजूने. डॉक्टर विरुद्ध. "बाळंतपण हा काही रोग नाही, अण्णा," ते म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले. मी "तटस्थ" म्हणालो. ठराव वकिलांनी तिथेच इतिवृत्तात लिहिला: संस्थेची आर्थिक स्थिती पाहता व रुपये तीनशे त्र्याण्णव बारा आणे इतकी बचत होत असल्याने. आकडा घातला की ठराव भक्कम दिसतो, असे त्यांना वाटले असावे.

बाहेर व्हरांड्यात कामेरकरबाई मला म्हणाल्या, "तटस्थ कसले तुम्ही? आकडा तुमचाच आहे ठरावात." मी उत्तर देणार तोच तावडेबाई तिथे आल्या. त्या रडत नव्हत्या. रागावल्या होत्या, आणि राग कामेरकरबाईंवर होता.

"बाई, या अवस्थेत मला पाच पुरुषांपुढे उभं केलंत. बाजारात गाय आणतात तसं. मला आधी सांगितलं होतंत का?"

कामेरकरबाई म्हणाल्या, "नाही सांगितलं. चुकलं माझं." वही उघडून उभ्याउभ्या त्यांनी शेवटच्या पानावर लिहिले. त्या पानावर त्यांचे स्वतःचे नाव होते. तोवर मला ठाऊक नव्हते की अकरा शिक्षकांच्या वहीत बारावे पान आहे.

तावडेबाई म्हणाल्या, "लिहून काय होणार?" आणि निघून गेल्या. मला वाटते, त्यांचे बरोबर होते.

नोटिशीवर मुख्याध्यापिकेची सही लागते. बाईंनी ती केली नाही. अण्णांनी आणि वकिलांनी स्वतः सह्या करून पत्र दिले. बाईंनी शिक्षण खात्याच्या निरीक्षकांना अर्ज लिहिला, सोबत तावडेबाईंच्या पानाची नक्कल जोडली. आणि अर्ज टपालात टाकायच्या आधी काय केले? उन्हात चालत वखारीत गेल्या आणि अण्णांना तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला.

अण्णांनी हे मला स्वतः सांगितले, चिडून आणि थोडे चकित होऊन. "कोळशाच्या ढिगापाशी उभी राहून वाचते हो! मी म्हटलं, बाई, यात तुमची नोकरी जाईल. तर म्हणते, जाईल, पण तुम्हाला न सांगता पाठवला असं व्हायला नको. काय बाई आहे!"

या सरळपणाने घात होत होता. अर्ज खात्यात पोचायच्या चार दिवस आधी अण्णांना तो कळला. सभेनंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रधान वकील माझ्या घरी आले. इतिवृत्ताचे नवे पान लिहून आणले होते. ठराव तोच, पण आकडा नव्हता. त्याऐवजी "काम असमाधानकारक आढळल्याने" असे होते. "एक सही करा, पेठे. जुनं पान मी काढून टाकतो."

"यात आकडा नाही."

"तेच तर."

"आकडा मी सभेत सांगितला होता."

"अहो, सांगितला होतात. आता नव्हतात सांगितला. काय बिघडतं?"

आमच्या हिने चहा आणून ठेवला होता. तो निवला. मी सही केली नाही. यात माझे काही कौतुक नाही. न झालेली गोष्ट झाली म्हणून लिहायची मला आयुष्यात सवय लागली नाही, इतकेच. जे रविवारी सगळ्यांसमोर करायला हवे होते, त्यातले थोडेसे मी बुधवारी घरात बसून केले.

मे महिन्यात खात्याचे एक अधिकारी आले. इतिवृत्त वाचून त्यांनी विचारले, "हा आकडा कोणी काढला?"

"मी."

"कशासाठी?"

"तावडेबाईंना काढलं तर किती वाचतील, ते विचारलं होतं म्हणून."

"कामाविषयी चर्चा झाली?"

"मुख्याध्यापिकांनी अहवाल वाचला. त्यात कायम करावे असं होतं. बाकी खडूंविषयी झाली. ते खडू मुलांनी फळ्यावर वापरले. मी वर्गात बसून पाहिलंय."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले. अण्णांनी माझ्याकडे पाहिले नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खात्याचे पत्र आले की नोटीस नियमाला धरून नाही, शिक्षिकेला कामावर ठेवावे. तावडेबाईंना जुलैत मुलगा झाला. सप्टेंबरमध्ये त्या कामावर आल्या, कायम म्हणून. दहा पेट्या खडू लागले तरी मी पुन्हा तक्ता केला नाही.

कामेरकरबाईंचा करार तीन वर्षांचा होता आणि तो १९५७ च्या एप्रिलअखेर संपत होता. मंडळाने तो पुढे चालू केला नाही. या वेळी मी विरुद्ध मत दिले, डॉक्टरांनीही दिले. दोन विरुद्ध तीन. पत्रात लिहिले होते: संस्थेच्या धोरणाशी विसंगत वर्तन. कोणते वर्तन, कोणत्या तारखेचे, काही नाही. बाईंनी अण्णांना निरोप पाठवला की जे लिहिले ते येऊन तोंडाने सांगा. अण्णा आठ दिवस शाळेकडे फिरकले नाहीत. शंभर हमालांवर ओरडणारा हा माणूस एका ठेंगण्या बाईसमोर एक वाक्य बोलायला आला नाही. पत्रही त्याने शिवरामच्या हातीच पाठवले होते.

चार्ज देताना यादी मी तपासली. बाके, फळे, नकाशे, प्रयोगाची भांडी, सगळे जुळले. वकिलांनी विचारले, "ती काळी वही?"

"ती नाही," बाई म्हणाल्या. "पानं सोडवून ज्याची त्याला दिली."

"शाळेचं दप्तर फाडलंत?"

"शाळेला द्यायचे अहवाल शाळेच्या फायलीत आहेत. वही माझी होती. दहा आण्यांची."

मी तीन वर्षांची व्हाउचरे काढून पाहिली. तशा वहीचा खर्च शाळेने कधी दिलेला नव्हता. मी तसे लेखी दिले. तरीही मंडळाने दप्तराची नासधूस म्हणून बाईंचा शेवटच्या महिन्याचा पगार अडकवून ठेवला. निरोपसमारंभाला परवानगी दिली नाही. त्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरव सर कचेरीबाहेर उभे होते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेले आपले पान काढून मला दाखवले. "इतक्या वर्षांत माझ्याविषयी काय लिहितात ते पहिल्यांदा माझ्या हातात आलं, पेठे," ते म्हणाले. तावडेबाई मुलाला कडेवर घेऊन आल्या होत्या. कामेरकरबाईंशी त्या काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही. मी पुढे गेलो नाही.

त्यानंतर प्रत्येक सभेत थकलेल्या देण्यांची यादी मी वाचत असे आणि पहिली ओळ बाईंच्या पगाराची असे. प्रत्येक वेळी अण्णा म्हणत, "पुढच्या सभेत बघू." अखेर १९५९ च्या सुरुवातीला खात्याने कळवले की थकलेला पगार दिल्याशिवाय अनुदानाचा हप्ता सुटणार नाही. तेव्हा कुठे मंजुरी मिळाली.

बाई तेव्हा गोवंडीच्या एका शाळेत होत्या. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी पैसे घेऊन गेलो. मुख्याध्यापक तिशीच्या आतले. हातांच्या खुर्चीत बसले होते. मी कोणाला भेटायला आलो ते ऐकून म्हणाले, "कामेरकर? तास चालू आहे. थांबा बाहेर." बाई नाही, श्रीमती नाही.

घंटा झाली. बाई वर्गातून आल्या, पातळाला खडूची भुकटी. पूर्वीपेक्षा वाकल्यासारख्या वाटल्या. मला पाहून म्हणाल्या, "पेठे, तुम्ही! कुंदा कितवीत?"

"नववीत. गणित चांगलं आहे."

"तावडेबाईंचं पत्र येतं. आता चार नाही, फळ्याचे सहा भाग करतात म्हणे."

मी पाकीट दिले. त्यांनी नोटा मोजल्या आणि व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवून पावतीच्या तिकिटावर सही केली. मी म्हणालो, "बाई, त्या रविवारी मी बोलायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "हवं होतं."

पुढची घंटा झाली. त्या पाकीट पिशवीत टाकून घाईने दुसऱ्या वर्गाकडे वळल्या. दाराशी पोचेपर्यंत पोरांचा गलका ऐकू येत होता, मग तो थांबला आणि त्यांचा आवाज सुरू झाला.

पावती माझ्याकडे आहे. एप्रिल १९५७ चा मुख्याध्यापिकेचा पगार, दोनशे पस्तीस रुपये, बावीस महिन्यांनंतर, रोख. व्याज काही नाही. घेणार, यमुना कामेरकर, सहशिक्षिका.